फुटबॉलचे भाकीत : खेळाच्या आतला खेळ

२६ जानेवारी १९६३. लंडनमध्ये त्या शनिवारी सहा माणसे एका बंद खोलीत बसली होती. बाहेर सारे ब्रिटन बर्फाखाली गेले होते. मैदाने गोठल्यामुळे आठवड्यामागून आठवडे फुटबॉलचे सामने रद्द होत होते. एफ. ए. कपची तिसरी फेरी त्या हिवाळ्यात ५ जानेवारीला सुरू झाली आणि ११ मार्चला संपली, म्हणजे एका फेरीला ६६ दिवस लागले. खोलीतल्या सहा जणांचे काम अजब होते. जे सामने झालेच नाहीत त्यांचे निकाल त्यांना ठरवायचे होते. त्यांत टेड ड्रेक, टॉम फिनी, टॉमी लॉटन आणि जॉर्ज यंग हे नामांकित माजी खेळाडू होते, आर्थर एलिस हे पंच होते, आणि अध्यक्षपदी होते ब्रिटनमध्ये वैमानिकाचा पहिला परवाना मिळवणारे लॉर्ड ब्रॅबझन. अमुक सामना झाला असता तर यजमान संघ जिंकला असता, तमुक बरोबरीत सुटला असता, असे त्यांनी एकेक करून ठरवले. ते जाहीर झाले आणि लोकांनी ते निकाल म्हणून स्वीकारले.

ही थट्टा नव्हती. या निकालांवर लोकांना बक्षिसे मिळणार होती. ‘पूल्स पॅनेल’ नावाची ही समिती पुढे कायमची झाली. १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातले रॉजर हंट आणि गॉर्डन बँक्सही नंतर तिच्यावर होते. फुटबॉलच्या निकालाचा अंदाज बांधणे हा एखाद्या समाजाचा किती जिव्हाळ्याचा विषय होऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड. खेळ थांबला तरी अंदाज थांबू द्यायचा नाही, इतकी त्याची गरज लोकांना वाटत होती.

हा अंदाज मुळात कितपत बांधता येतो? जाणकाराला नवख्यापेक्षा किती अधिक कळते? आणि पैसे न लावता, केवळ गंमत म्हणून हा खेळ खेळायचा, तर तो चांगला कसा खेळावा? या लेखात या तीन प्रश्नांचा मागोवा घेतला आहे.

कूपनाची गोष्ट

१९२३ साली लिव्हरपूलच्या जॉन मूर्स यांनी दोन मित्रांच्या साथीने ‘लिटलवुड्स’ नावाचा धंदा सुरू केला. येत्या शनिवारच्या सामन्यांची यादी छापलेले कूपन लोकांना द्यायचे, त्यांनी निकालांचे अंदाज भरून थोड्या पैशांसह परत पाठवायचे, आणि जमलेल्या रकमेतून खर्च व नफा वजा जाता उरलेले पैसे अचूक अंदाजवाल्यांत वाटायचे, अशी ही कल्पना. पहिली ४,००० कूपने मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर वाटली गेली. भरून परत आली ती अवघी ३५. दोघे मित्र लवकरच बाहेर पडले. मूर्स टिकून राहिले आणि कोट्यधीश झाले.

फुटबॉल लीगला हे मुळीच आवडले नव्हते. १९३६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लीगने एक जालीम उपाय करून पाहिला. सामन्यांचे वेळापत्रकच गुप्त ठेवायचे! कोण कुणाशी खेळणार हेच ठाऊक नसेल तर कूपन छापणार कसे? पण वेळापत्रक ठाऊक नसल्याने प्रेक्षकही मैदानावर फिरकेनात. दोनेक आठवड्यांत लीगने माघार घेतली. पुढे १९५९ साली, वेळापत्रकावर लीगचा स्वामित्वहक्क आहे, असा निवाडा न्यायालयाने दिला आणि पूल्स कंपन्या लीगला पैसे देऊ लागल्या. ज्या खेळाला अंदाजाचा विटाळ वाटत होता, तोच आता अंदाजावर पोसला जाऊ लागला.

कूपनाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार १९४६ साली आला. त्याचे नाव ‘ट्रेबल चान्स’. लांबलचक यादीतून आठ सामने निवडायचे, आणि निवडायचे ते बरोबरीत सुटतील असे. बरोबरीला तीन गुण, म्हणजे आठही साधल्या तर चोवीस. विजेता ओळखण्याऐवजी बरोबरी ओळखायला सांगण्यात मोठी चतुराई होती. बलाढ्य संघ कोणता हे शाळकरी पोरही सांगेल. बरोबरी कुठे होईल हे जाणकारालाही सांगता येत नाही. साधारण चारातला एक सामना बरोबरीत सुटतो असे धरले, तर डोळे मिटून निवडलेले आठही सामने बरोबरीत सुटण्याची शक्यता ६५,५३६त एक. म्हणूनच घरोघरी कुणी अभ्यास करून खुणा करी, कुणी मुलांच्या वाढदिवसांचे आकडे घेई, तर कुणी डोळे मिटून टाचणी टोची. आणि या तिघांत फारसा फरक पडत नसे.

शनिवारी संध्याकाळी निकाल रेडिओवर वाचले जात. बीबीसीवर १९७४पासून २०१३पर्यंत हे काम जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी केले. यजमान संघाचे नाव आणि गोल सांगून झाल्यावर पाहुण्या संघाचे नाव ते अशा स्वरात उच्चारत, की आकडा येण्याआधीच तो संघ जिंकला, हरला की बरोबरी झाली, हे ऐकणाऱ्याला कळे. कूपन हातात धरून बसलेला माणूस त्या शेवटच्या क्षणापर्यंत अंदाजच बांधत असे.

या खेळाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. १९६१ साली यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डच्या कीथ निकल्सन या खाणकामगाराला पूल्समध्ये १,५२,३१९ पौंड मिळाले. आता काय करणार, असे पत्रकारांनी विचारताच त्याची पत्नी व्हिव्ह म्हणाली की खर्च, खर्च आणि फक्त खर्च. तिने शब्द पाळला. १९६५मध्ये कीथ मोटार अपघातात गेला आणि काही वर्षांत व्हिव्ह दिवाळखोर झाली. तिच्या आयुष्यावर पुढे संगीत नाटकही आले. १९९४च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि पूल्सला उतरती कळा लागली. ज्यांना नुसते नशीब अजमावायचे होते, त्यांना फुटबॉलची अडचण उरली नाही.

घोड्याची लाथ आणि गोल

अंदाज इतका अवघड का, याचे उत्तर फुटबॉलच्या एका साध्या गुणात आहे. या खेळात गोल फार थोडे होतात. कबड्डीत एकेक संघ तीसेक गुण मिळवतो. चढाई फसली, पकड सुटली, तरी चाळीस मिनिटांत योगायोगाची वजाबाकी होऊन सरस संघ वर येतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांच्या धावपळीचा हिशेब दोन-तीन गोलांत होतो. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर सामना फिरतो.

अशा विरळ घटनांचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडले. त्याचे गाजलेले उदाहरण १८९८चे आहे. बोर्टकीविच या अभ्यासकाने प्रशियाच्या घोडदळातल्या दहा तुकड्यांची वीस वर्षांची नोंद तपासली. घोड्याच्या लाथेने एकूण १२२ सैनिक मेले होते. कोणता घोडा कधी लाथ मारील हे कुणी सांगू शकत नाही. पण दोनशे वार्षिक नोंदींपैकी १०९मध्ये एकही मृत्यू नव्हता, ६५मध्ये एक, २२मध्ये दोन, तिनांमध्ये तीन आणि एकीत चार. प्वासाँच्या गणिताने येणारे आकडे जवळजवळ हेच होते. एक घटना सांगता येत नसली, तरी घटनांचा घोळका सांगता येतो.

गोलही घोड्याच्या लाथेसारखाच असतो. संधी पुष्कळ, प्रत्येक संधी साधण्याची शक्यता मात्र अल्प. समजा, एखादा यजमान संघ सामन्याला सरासरी दीड गोल करतो. नव्वद मिनिटांत दीड, म्हणजे एका मिनिटात गोल होण्याची शक्यता साठात एक, न होण्याची साठात एकोणसाठ. हा अपूर्णांक गणकयंत्रावर नव्वद वेळा स्वतःशी गुणला की उत्तर येते सुमारे २२ टक्के. ही झाली त्या संघाने एकही गोल न करण्याची शक्यता. पुढचे आकडे काढणे आणखी सोपे आहे. २२ला दीडने गुणून १ने भागले की एका गोलाची शक्यता मिळते, सुमारे ३३ टक्के. तिला दीडने गुणून २ने भागले की दोन गोलांची, २५ टक्के. तिला दीडने गुणून ३ने भागले की तीन गोलांची, साडेबारा टक्के. पाहुण्या संघाची सरासरी १.१ धरली, तर त्याचे आकडे अनुक्रमे ३३, ३७, २० आणि ७ टक्के येतात.

आता दोन्ही रकाने एकमेकांना गुणून सगळ्या निकालांची बेरीज केली, तर यजमान संघाच्या विजयाची शक्यता येते ४६ टक्के, बरोबरीची २६ आणि पाहुण्यांच्या विजयाची २८. यात एक गंमत दडलेली आहे. यजमान जिंकतील हा सर्वांत संभाव्य निकाल. पण नेमकी गोलसंख्या विचारली, तर सर्वांत संभाव्य ठरते ती १–१ ही बरोबरी! कारण विजय १–०, २–०, २–१ अशा अनेक रूपांत विखुरलेला असतो. आणि ही सर्वांत संभाव्य गोलसंख्याही खरी होण्याची शक्यता केवळ १२ टक्के, म्हणजे आठात एक. नेमके गोल ओळखणाऱ्याचा अंदाज आठांपैकी सात वेळा चुकला, तर त्याला बोल लावण्याचे कारण नाही.

हे गणित प्रत्यक्षात उतरते का? २०१४, २०१८ आणि २०२२ या तीन विश्वचषकांत मिळून १९२ सामने झाले आणि ५१२ गोल. सामन्याला सरासरी २.६७. या सरासरीवरून किती सामने गोलशून्य राहायला हवेत? सुमारे १३. प्रत्यक्षात राहिले १५. पण त्यांची वाटणी पाहा: २०१४ला सात, २०१८ला केवळ एक आणि २०२२ला पुन्हा सात. तिन्हींच्या बेरजेत गणित दिसते, एकेका स्पर्धेत ते हरवल्यासारखे वाटते.

गणिताच्या मर्यादाही आहेत. प्रत्येक मिनिट सारखेच, हे त्यातले गृहीतक माणसांच्या बाबतीत नेहमी खरे ठरत नाही. ८ जुलै २०१४ला बेलो होरिझोंतेच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलवर २३व्या मिनिटापासून २९व्या मिनिटापर्यंत चार गोल केले आणि शेवटी सामना ७–१ असा जिंकला. एका गोलाने संघाचा धीर सुटला की पुढचा गोल सोपा होतो. घोड्यांना एकमेकांच्या लाथांची अशी लागण होत नाही.

जाणकाराला किती कळते?

ब्रिटिश हवाई दलातले चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडनचा एक सामना पाहताना कागदावर नोंदी करायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते करत राहिले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांनी कौशल्य आणि योगायोग या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष फुटबॉलप्रेमींना रुचण्यासारखा नव्हता: या खेळावर योगायोगाचे राज्य आहे. २००६ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी पाच खेळांचे तीन लाखांहून अधिक सामने तपासले, तेव्हा दुबळ्या संघाने सरस संघाला हरवण्याचे प्रमाण इंग्लिश फुटबॉलमध्ये सर्वाधिक, सुमारे ४५ टक्के निघाले. अमेरिकी बास्केटबॉलमध्ये ते ३६ टक्क्यांच्या आसपास होते.

तरीही ज्ञानाला जागा आहे. १९८२ साली माहेर यांनी प्रत्येक संघाला दोन आकडे दिले, आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक. आपले आक्रमण, समोरच्याचा बचाव आणि घरच्या मैदानाचा फायदा यांच्या गुणाकारातून अपेक्षित गोल निघतात. १९९७मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात दोन सुधारणा केल्या. ०–०, १–१ अशा कमी गोलांच्या निकालांसाठी गणितात दुरुस्ती केली, आणि ताज्या सामन्यांना जुन्यांपेक्षा अधिक वजन दिले. आजही बहुतेक अंदाजपद्धती याच पायावर उभ्या आहेत.

घरच्या मैदानाचा फायदा कुठून येतो, याचा एक प्रयोग महासाथीने आपोआप घडवला. प्रीमियर लीगचा २०२०–२१चा हंगाम जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांवर झाला. ३८० सामन्यांत यजमान जिंकले १४४, पाहुणे १५३, आणि ८३ सामने बरोबरीत सुटले. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात पाहुण्यांनी यजमानांपेक्षा अधिक सामने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. प्रेक्षकांचा गलका हा खेळाचा भाग असतो, ही गोष्ट तोपर्यंत सगळेच म्हणत. त्या वर्षी ती आकड्यांत दिसली.

आठ बॉक्स, आठ झेंडे

२०१०च्या विश्वचषकात सर्वाधिक गाजलेला भाष्यकार जर्मनीतल्या ओबरहाउजेनच्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस होता. त्याच्यापुढे दोन झेंडे लावलेले दोन बॉक्स ठेवत, प्रत्येकात खाऊ असे. ज्या बॉक्समधला खाऊ तो आधी खाई तो संघ जिंकणार. जर्मनीचे सात सामने आणि अंतिम सामना, असे आठही निकाल त्याने बरोबर सांगितले. नाणे उडवून आठदा बरोबर येण्याची शक्यता २५६त एक.

चमत्कार म्हणण्याआधी तीन गोष्टी पाहायला हव्यात. पॉलला बरोबरीचा बॉक्सच नव्हता. जर्मनीच्या सातांपैकी पाच सामन्यांत त्याने जर्मनीच निवडली, आणि त्या वर्षीच्या जर्मन संघाची बाजू नाण्यापेक्षा भारी होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २५६ जणांनी नाणी उडवली, तर सरासरीने एकाचे आठही बरोबर येतात. जगभर कितीतरी प्राण्यांना असे खाऊ घातले गेले. बातमी झाली ती त्या एकाचीच. दोन वर्षांपूर्वीच्या युरो स्पर्धेत याच पॉलचे सहापैकी दोन अंदाज चुकले होते.

भाकिताची कसोटी कशी घ्यावी, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याकडे, पुण्यात झाला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या आणि पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते ओळखा, असे आव्हान ज्योतिषांना दिले. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरे दिली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० आले असते. अंदाज आधी लिहून घ्यावा, सगळे मोजावेत, नुसते बरोबर आलेले नव्हेत, आणि त्यांची तुलना नाण्याशी करावी. ऑक्टोपस, ज्योतिषी आणि दूरचित्रवाणीवरचा माजी खेळाडू या तिघांनाही हाच नियम लागू पडतो.

घरी खेळायचा खेळ

मित्रमंडळींत अंदाजाची स्पर्धा लावायची, तर ‘कोण जिंकणार’ एवढेच विचारण्याऐवजी तिन्ही शक्यतांना टक्के द्यायला सांगावे. गुण मोजण्याची पद्धत हवामानशास्त्रातून घेता येते. पावसाचे अंदाज तपासण्यासाठी अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी ती १९५० साली मांडली. प्रत्येक शक्यतेला आपण दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष घडलेले (घडले तर १, न घडले तर ०) यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, तिन्हींची बेरीज करा. ज्याची बेरीज कमी तो सरस.

वरच्याच ४६–२६–२८ या उदाहरणावर तीन खेळाडू बसवून पाहू. पहिला छातीठोक: यजमानच जिंकणार, शंभर टक्के. त्याचे बरोबर आले तर शून्य, चुकले तर थेट २. अशा अनेक सामन्यांत त्याची सरासरी येते १.०८. दुसरा म्हणतो, मला फुटबॉलमधले काही कळत नाही, तिन्हींना सारखे ३३ टक्के. त्याची सरासरी ०.६७. तिसरा खरा अभ्यासू, नेमके ४६, २६, २८ सांगणारा. त्याची सरासरी ०.६४.

हे तीन आकडे शांतपणे पाहण्यासारखे आहेत. अशा चुरशीच्या सामन्यांत अभ्यासू आणि अनभिज्ञ यांच्यातले अंतर ०.०३ इतके तोकडे आहे. अनभिज्ञ आणि छातीठोक यांच्यातले मात्र ०.४१. आपल्याला कळत नाही हे सरळ सांगणारा माणूस अर्धवट माहितीवर पैजेचा विडा उचलणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला अंदाज बांधतो. ज्ञानाचा फायदा थोडा, आणि खोट्या खात्रीचा तोटा फार मोठा. फुटबॉलच्या अंदाजातून शिकण्यासारखे काही असेल, तर ते हेच.

हा खेळ विश्वचषकाचीच वाट पाहतो असे नाही. कोल्हापुरात विश्वचषकाच्या दिवसांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे उंच फलक उभे राहतात आणि चौकाचौकांत अर्जेंटिना-ब्राझीलचे वाद रंगतात. त्याच शहरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ एकमेकांशी ईर्षेने खेळतात. तिथे एका हंगामाचे गोल वहीत उतरवून प्रत्येक संघाच्या आक्रमणाचा आणि बचावाचा आकडा काढणे कुणालाही जमण्यासारखे आहे. साठात एकोणसाठचा गुणाकार तिथेही चालतो, गोव्यातही चालतो.

पैसे लावले की मात्र खेळ बदलतो. २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने केला. कायद्याचे गुणदोष बाजूला ठेवले, तरी गणित काय म्हणते ते स्पष्ट आहे. अभ्यासाने मिळणारी आघाडी इतकी बारीक असते, की सट्टा चालवणाऱ्याचा हिस्सा ती सहज गिळून टाकतो. शिवाय पैसे लावणाऱ्याला ४६ टक्के हे उत्तर सोसत नाही. त्याला हो किंवा नाही हवे असते, आणि तो हळूहळू छातीठोकांच्या रांगेत जाऊन बसतो. गमतीने खेळणाऱ्याला ही घाई नसते. २२ नोव्हेंबर २०२२ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २–१ असे हरवले, तेव्हा ज्यांनी सौदीला पाच-सात टक्के दिले होते ते चुकले नव्हते. वीस वेळा एकदा घडणारी गोष्ट त्या दिवशी घडली होती. आणि सत्तावीस दिवसांतच, १८ डिसेंबरला, तोच अर्जेंटिना विश्वविजेता झाला.